न्यू हॅनोव्हरहून चिंचगुंडीला

नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूर-नागभीड छोटी लाईन बंद झाली. तिथे ब्रॉडगेज टाकायचं ठरलं होतं. त्याच महिन्यात 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा गेम कॉम्प्युटरवर खेळता येऊ लागला. पुढे मामेभावाला पुण्यात नोकरी लागली, त्याचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला आणि त्यात हा गेम होता. मी तेव्हा राज्यसेवेची तयारी करत होतो. दिवसभर अभ्यासिकेत बसायचो आणि रात्री जेवणं आटोपली की घोड्यावर.

गेमची गोष्ट १८९९ सालची. आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर, त्याची टोळी आणि टोळीच्या मागावर असलेले पिंकर्टनचे लोक. न्यू हॅनोव्हर, लेमॉइन, वेस्ट एलिझाबेथ ही राज्यं नकाशावर शोधून सापडणार नाहीत, पण सेंट डेनिस हे शहर न्यू ऑर्लिन्सवरून उचललंय हे लगेच कळतं. अ‍ॅन्सबर्ग हे कोळसाखाणीचं गाव तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवातीला मला एकच कोडं पडलं. सिनेमातले काउबॉय मोकळ्या मैदानात ऐटीत फिरतात. ही टोळी मात्र पहिल्या प्रसंगापासून पळतेय आणि आपले दिवस संपले असं एकमेकांना सांगतेय. का? उत्तर सालात होतं. १८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकेच्या सरकारनेच जाहीर केलं की वस्ती आणि ओसाड मुलूख यांच्यात रेघ मारता येईल अशी सीमा आता उरलेली नाही. १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने शिकागोला निबंध वाचला आणि अमेरिकेचा स्वभाव याच सरकत्या सीमेवर घडला असं मांडलं. म्हणजे आर्थर घोड्यावर बसतो तेव्हा ती सीमा संपून नऊ वर्षं झालेली असतात. हे कळलं आणि मी वहीत नोंदी करायला लागलो. गेममध्ये जे दिसेल ते खरं होतं का, एवढं एक पान रोज.

पिंकर्टन खरे निघाले. अ‍ॅलन पिंकर्टनने १८५० च्या सुमाराला शिकागोत काढलेली ही खासगी गुप्तहेर संस्था. रेल्वे आणि बँका तिला पैसे देऊन दरोडेखोरांच्या मागे लावत. पण दरोडेखोर हे तिचं अर्धंच काम. १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेड गावी कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात संप झाला, तेव्हा सुमारे तीनशे पिंकर्टन होड्यांतून आणले गेले आणि कामगारांशी गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. गेममधला लेव्हिटिकस कॉर्नवॉल हा रेल्वे, तेल, साखर सगळ्यांत हात असलेला धनिक पिंकर्टनांना पोसतो, ते लेखकांनी हवेतून आणलेलं नाही.

मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते बायसनच्या प्रसंगाने. आर्थर आणि चार्ल्स स्मिथ शिकारीला निघतात. चार्ल्सचे वडील कृष्णवर्णीय, आई मूळनिवासी. टोळीला मांस हवं असतं, एक जनावर मारून ते परतणार असतात. वाटेत मैदानात मारून टाकलेले बायसन दिसतात; कोणी मांस नेलेलं नाही, नुसतेच पडलेले. चार्ल्स घोड्यावरून उतरतो आणि त्याचा आवाजच बदलतो. मी त्या मैदानात गोल गोल घोडा फिरवत राहिलो, पुढे जावंसं वाटेना.

खऱ्या अमेरिकेत हे शतपटीने झालं. कोट्यवधी बायसन होते. १८८० चं दशक संपताना रानात काहीशे उरले. १८७१ च्या सुमाराला त्या जाड कातड्यावर प्रक्रिया करायची नवी पद्धत निघाली आणि कारखान्यांच्या यंत्रांना पट्टे म्हणून ते चामडं खपायला लागलं. रेल्वे जवळ आलेली होतीच. शिकारी कातडं सोलून धड तिथंच टाकत. मैदानातल्या जमातींचं अन्न, वस्त्र, तंबू सगळं त्या जनावरावर, त्यामुळे बायसन संपला की त्या जमाती सरकारी शिध्यावर येतील हे लष्करातल्या अनेक अधिकाऱ्यांना ठाऊक होतं आणि हवंही होतं. याच मालिकेतल्या २०१० च्या गेममध्ये वीसच बायसन ठेवलेले होते. मारले की परत येत नाहीत. शेवटचा मारला की खेळणाऱ्याला एक बक्षीस मिळतं, त्याचं नाव 'मॅनिफेस्ट डेस्टिनी'. खंडभर पसरणं हे आपलं ईश्वरदत्त कर्तव्यच, असं अमेरिकेत १८४० च्या दशकापासून सांगितलं जाई, तो हा शब्द. इतकी बोचरी टीका मला कोणत्या पाठ्यपुस्तकात भेटली नव्हती.

आपल्याकडे बायसनसारखीच संपत आलेली म्हणजे रानम्हैस. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्काच्या जंगलात ती थोडीशी उरली आहे, महाराष्ट्रात दुसरीकडे कुठेच नाही. २०१३ मध्ये तिच्यासाठी ते संवर्धन राखीव क्षेत्र झालं. एकेकाळी मध्य प्रांताच्या पूर्व भागात तिचे कळप होते.

माझे बाबा छोट्या लाईनवर गँगमन होते. एका रात्री ते मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर आर्थर रुळाच्या कडेने चालला होता. बाबांनी त्याला थांबवायला सांगितलं, चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. "स्लीपर लाकडाचे हायेत. खिळे बी बरोबर ठोकले." मग खुर्ची ओढून बसले आणि गाडी येईपर्यंत उठले नाहीत. गाडी आली तेव्हा तिच्या डब्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं, रूळ किती दबतो ते पाहत होते.

त्या लाकडी स्लीपरने मला आमच्या जंगलात आणून सोडलं. १८५० नंतर हिंदुस्थानात रेल्वे पसरू लागली तशी सागवान आणि सालाच्या लाकडाची भूक वाढली. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे पहिले वन महानिरीक्षक नेमले गेले, १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला, १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक. कालपर्यंत ज्या रानात लोक मोहफुलं वेचत, बांबू तोडत, ते रान राखीव झालं आणि तिथली माणसं परवानगी मागणारी झाली. बंगाल-नागपूर रेल्वेने आमच्या भागात छोटी लाईन आणली ती यानंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बाबांच्या आयुष्याची भाकरी त्या लाईनने दिली. तिच्याविषयी माझ्या मनात माया आहे आणि ती राहील. पण रुळाखालचं लाकूड कुठून आलं हा प्रश्नही आता माझ्यासोबत आहे.

गेमच्या उत्तरार्धात रेन्स फॉल नावाचा म्हातारा प्रमुख भेटतो. लढाया करून, करार करून, करार मोडलेले पाहून थकलेला. मुलगा ईगल फ्लाइज पेटलेला. त्यांना नेमून दिलेल्या जमिनीवरूनही त्यांना हलवायचं घाटत असतं, कारण खाली तेल आहे. वापिती ही त्यांची जमात काल्पनिक आहे, पण तिच्यावर जे गुजरतं ते खरं. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या कराराने ब्लॅक हिल्सचे डोंगर लाकोटा या जमातीला दिले. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि तीन वर्षांत डोंगर गेले. डिसेंबर १८९० मध्ये वुंडेड नी इथे लष्कराने अडीचशेहून जास्त लाकोटा मारले, त्यात बायका-मुलं होती. आणि बंदुकीपेक्षा कागदाने जास्त जमीन नेली. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातीची सामाईक जमीन घराघराला तुकड्यांत वाटली, उरलेली विकायला काढली. तेव्हा मूळनिवासींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर होती, १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाखांवर आली.

हा भाग मी माझ्या मित्रासोबत खेळलो. तो गोंड आहे, धानोऱ्याकडचा, अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसायचा. रेन्स फॉल बोलत होता आणि मी त्याला मराठीत सांगत होतो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या आज्याले साहेब इचारे, पट्टा दाखव. आज्या म्हने, पट्टा काय असते? मंग त्याच्या वावराले अतिक्रमण लिहून टाकलं." आम्ही गेम तिथंच थांबवला आणि रात्री उशिरापर्यंत त्याच्या आज्याचंच बोलत बसलो. २००६ चा वनहक्क कायदा आम्ही दोघांनी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले, हे तो मला त्या रात्री तारखांशिवाय, माणसांसकट सांगत होता.

बाबुराव शेडमाके हे नाव आमच्या नोट्समध्ये एका ओळीत होतं: चांदा, १८५८, फाशी. आता मी ती ओळ उघडली. नागपूरचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, इंग्रज डेप्युटी कमिशनर आला. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातल्या, पंचविशीच्या या तरुणाने गोंड, माडिया, रोहिल्यांना जमवून १८५८ च्या मार्चमध्ये राजगड परगणा घेतला. नांदगाव-घोसरीजवळ कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी लढाई झाली. अडपल्लीचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. आणि २९ एप्रिल १८५८ ला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, तिसरा पीटर निसटून क्रिक्टनकडे पोहोचला.

तारायंत्राची छावणी! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. गेममध्ये रुळांच्या कडेला तारेचे खांब सतत सोबत असतात; टोळी एका गावात लुटते आणि बातमी तिच्या घोड्यांआधी पुढच्या गावात पोहोचलेली असते. तार आली की लपायला जंगल पुरत नाही. बाबुरावांच्या काळात ती तार आमच्या मुलखात नुकती शिरत होती. पुढचं सगळंही ओळखीचं होतं: डोक्यावर बक्षीस, आणि दबावाखाली आलेला जवळचाच माणूस. क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब आणला, सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले, २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. लक्ष्मीबाईंना अडपल्ली आणि घोटच्या जप्त जमीनदाऱ्यांतली गावं मिळाली.

आर्थर आणि बाबुरावांना मी एका पंक्तीत बसवत नाही. आर्थर काल्पनिक आहे, लुटारू आहे, आणि दुसऱ्यांच्या जमिनीवर आलेल्यांच्याच वंशातला आहे. गेमची मोठी उणीव मला हीच वाटते, की मूळनिवासींचं दुःखही शेवटी गोऱ्या नायकाच्या पश्चात्तापाच्या कामी येतं. पश्चिमेची रेल्वे ज्यांनी डोंगर फोडून बांधली ते हजारो चिनी मजूर त्यात फारसे दिसत नाहीत. तरी एका खेळाने एवढं दार उघडावं हे मला फार मोलाचं वाटतं. टेनेसी विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक टोरे ओल्सन यांनी २०२१ मध्ये याच गेमच्या आधारे अमेरिकेच्या इतिहासाचा अभ्यासक्रम शिकवला, २०२४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं ध्वनिपुस्तक आर्थरला आवाज देणाऱ्या रॉजर क्लार्कनेच वाचलं आहे. असा वर्ग चंद्रपूर-गडचिरोलीत कोणी घेतला तर मी पहिल्या बाकावर बसेन.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळापाशी लोक बाबुरावांना अभिवादन करायला जमतात. मागच्या खेपेला मी आणि मित्र गेलो होतो. परत येताना गाडीत ठरलं की मेजर ल्युसी स्मिथ यांचा १८६९ चा चांदा जिल्ह्याचा जमीनमहसूल अहवाल आता दोघांनी मिळून वाचायचा. जुनं इंग्रजी मी लावतो, गावांची आणि नद्यांची गोंडी नावं तो लावतो. त्याच्या आज्याचं गाव कोणत्या जमीनदारीत पडत होतं ते आधी काढायचं आहे, आणि तिथलं जंगल सरकारी कधी झालं ते त्यानंतर.