थेंबाचा माग

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आबा चौथीतून जे उठले ते थेट एका गॅरेजात पाने पुसायला बसले. आज कराडच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून, त्यांचे स्वतःचे पत्र्याचे शेड आहे. घरात कुठलाही कागद आला की तो माझ्या पुढ्यात येतो. विजेचे बिल असो की बँकेची नोटीस. मी तो मोठ्या थाटात वाचून दाखवतो. एखाद्या शब्दाचा अर्थ नाही लागला, तर तो शब्द गिळून पुढे जातो. ऐकणाऱ्याला कळत नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या शेडमध्ये एक प्रीमियर पद्मिनी आली. ज्यांच्या शाळेत मी दहावी झालो त्या निवृत्त हेडमास्तरांची. 1984 सालची, मोतिया रंगाची. 1964 पासून फियाट म्हणून रस्त्यावर आलेली ही गाडी 1974 मध्ये 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या टॅक्सींतून ती 2023 च्या ऑक्टोबरअखेर गेली, तेव्हा तिच्यावर पुष्कळ हळवे लिहून आले. आबांना त्याचे काही नव्हते. त्यांची काळजी एकच : "सुटं सामान आता मिळायचं कुठनं?"

तक्रार वरकरणी साधी होती. रेडिएटरमधले पाणी कमी होत होते. कराडला जाऊन येईपर्यंत काटा लालकडे झुके आणि सर गाडी झाडाखाली लावून बसत. पण उभ्या गाडीखाली एक थेंब सापडेल तर शपथ!

"पाणी जिथं दिसतंय तिथनं ते गळत नसतंय," हे आबांचे पहिले सूत्र. रेडिएटरमागचा पंखा वारा मागे फेकतो, त्यामुळे पुढची गळती मागे दिसते. तापलेल्या लोखंडावर पडलेला थेंब वाफ होऊन जातो, पांढरट डाग तेवढा उरतो. म्हणून शोध घ्यायचा तो थंड इंजिनावर. आबांनी रेडिएटरच्या एका जुन्या झाकणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह डाग देऊन बसवला आहे. ते झाकण लावून त्यांनी सायकलच्या पंपाने बेताची हवा भरली आणि चहा प्यायला गेले. परत येऊन व्हॉल्व्ह दाबला, तर फुस्सकन आवाज आला. हवा टिकली होती. म्हणजे होज पाईप बरे, रेडिएटर बरा, ब्लॉकच्या अंगाला असतात ती पत्र्याची बुचेही बरी. डिपस्टिक काढून पाहिली. ऑईल दुधाळ झालेले नव्हते.

मग त्यांनी वॉटर बॉडीच्या पोटाखाली बोट घातले. गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप. पंपाच्या दांड्यावर एक सील असते. ते झिजले तर पाझरलेले पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे, म्हणून खाली एक लहानसे छिद्र ठेवलेले असते. तिथून थेंब पडू लागला की पंप गेला, असे समजायचे. आबांचे बोट कोरडे निघाले.

"पंप बरा हाय," ते म्हणाले.

मी पाने पुसत उभा होतो. माझा हात थांबला.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत आबा दोन दिवस गावी गेले असताना सर हीच गाडी घेऊन आले होते. पंपाखालून थेंब पडत होता. मला तिथे भोक दिसले. मी ते एम-सीलने बुजवले, वरून काळा रंग मारला. थेंब थांबला! सरांनी पाठ थोपटली, "बी.ए. होऊनसुद्धा हात चालतात की तुझे!" मी आबांना सांगितले नाही, तेव्हा सांगण्यासारखे काही वाटलेच नव्हते.

आता सांगण्यासारखे होते, आणि मी गप्प राहिलो. एक दिवस नव्हे, दोन दिवस. पहिल्या दिवशी मनाची समजूत घातली, की त्याचा याच्याशी काय संबंध? दुसऱ्या दिवशी आबांनी आईची पावडरची डबी आणून सुक्या इंजिनावर पावडर भुरभुरली आणि गाडी चालू केली. पावडर ओली झाली ती पुढच्या बाजूला, हेड आणि ब्लॉक जिथे मिळतात त्या सांध्याशी. आबांनी मान हलवली. "हेडचं पॅकिंग गेलंय."

तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला मिलची अवशेष पद्धती शिकवली गेली. ज्ञात कारणांची कार्ये वजा करत जावे. उरते ते उरलेल्या कारणाचे. आबांनी मिलचे नाव ऐकलेले नाही, पण त्यांची वजाबाकी बिनचूक होती. तिच्यातले एक विधान तेवढे खोटे होते, आणि ते मी बुजवून ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी हेडच्या नटांना तेल सोडले. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. चाळीस वर्षांत दोन्ही एकमेकांना धरून बसलेले. काढताना हेड चिरले तर नवे आणायचे कुठून? त्यांनी पाना लावला, पाय रोवला.

"आबा, थांबा."

मी सगळे सांगितले. ते पाना हातात धरूनच ऐकत होते.

"कवा केलंतंस?"

"दिवाळीत."

"आन् परवा मी बोट घातलं तवा?"

मी उत्तर दिले नाही. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते खाली पडून गाडीखाली सरकले, स्क्रू-ड्रायव्हरने एम-सील खरवडले, तारेने छिद्र मोकळे केले. मी गाडी चालू केली. थोड्या वेळाने पाणी आले. आधी तांबडे, मग नितळ. छिद्र बंद म्हणून ते बेअरिंगमधून पुढे येत होते आणि फिरती पुली ते सांध्यावर उडवत होती. पंप खोलला तेव्हा बेअरिंगमध्ये ग्रीस नव्हतेच, नुसता गंज. दिवाळीत एका सीलवर भागले असते.

संध्याकाळी सरांकडे मी एकटाच गेलो. बेअरिंगचे पैसे आम्ही घेणार नाही, असे सांगितले आणि कारणही सांगितले. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. पाठ थोपटली नाही.

पंपाचे सामान यायला नऊ दिवस लागले. या वेळी नुसते पाणी न भरता हिरवे कूलंट भरायचे ठरले. पुन्हा गळले तर निदान रंग दिसेल. कूलंटच्या डब्यावर बारीक इंग्रजी छापले होते. आबांनी तो सवयीने माझ्यापुढे धरला. मी वाचू लागलो. तिसऱ्या ओळीत एक शब्द अडला.

"ह्याचा अर्थ मला येत नाही," मी म्हणालो.

"मग सरांस्नी इचारून ये," आबा म्हणाले, आणि पंख्याचा पट्टा चढवू लागले.