दंडाची पट्टी

दिवाळी सरली की माळशिरसच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि सदाशिवनगर, अकलूजच्या कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मुक्काम इथंच. कोयत्यावरची नवरा-बायको पहाटेच फडात जातात. आम्ही अंगणवाडीवाल्या दहाच्या सुमाराला तिकडं निघतो. खांद्यावर वजनकाटा, पिशवीत पोरांच्या दंडाचा घेर मापायची पट्टी.

तान्हं मूल ओळखायला मला बरीच वर्षं लागली. रडणं ही त्याची भुकेची शेवटची हाक असते. त्याआधी ते मूठ तोंडात घालतं, मान वळवून आईला शोधतं. तेवढ्यात जो पाहील त्याला कळतं. रडणाऱ्या पोराची मला धास्ती नाही, गप्प पडून राहिलेल्याची आहे. सहा महिने झाले की वरचं खाणं सुरू करायचं, पण वरणाचं पाणी पाजून आया समाधान मानतात. चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही असं घट्ट भरवा, हे मी किती कोप्यांत सांगितलं असेल! आणि पोर चालायला लागलं की आणखी निराळी तऱ्हा. चुलीतला निखारा, पाण्याचा हौद, उभ्या ट्रॉलीचं चाक, सगळं त्याला हवंच असतं. तिथं हातापेक्षा डोळा जास्त लागतो.

एका कोपीत आठ महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन नऊएक वर्षांची पोर यायची. तो किती वेळा खातो, शी कशी होते, रात्री कण्हतो का, सगळं तिला तोंडपाठ. मी दर खेपेला म्हणायची, "किती शहाणी गं तू!" दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर पट्टीवर लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढं हिरवा. भाऊ पिवळ्यात होता. मी आहार वाढवला, नोंद केली, निघाले.

तिसऱ्या खेपेला तिनं स्वतःची बाही वर केली. "ताई, माझ्याबी दंडाला लावा की."

मी हसले. म्हटलं, ही पाच वर्षांच्या आतल्यांसाठी असते, बाळा.

रस्ताभर ते हसणं मला टोचत राहिलं. त्या पोरीचे केस जटा धरून होते, शाळेचं नाव काढलं की ती खाली बघायची, आणि हे सगळं मी तिच्या भावाचं वजन घेताना पाहिलेलं होतं. मोठं पोर बोलतं म्हणून आपण त्याच्याकडं बघत नाही. मागेल तेव्हा देऊ म्हणतो. ते मागत नाही. कडेवर भाऊ असला तर मुळीच नाही. कोसबाडला बालशिक्षणाचं काम करताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली होती. त्यातलं शहाणपण मला नोकरीच्या कितीतरी वर्षांनी कळलं: धाकटा शेजारच्या पाळण्यात असला तरच थोरली वर्गात बसणार.

पुढच्या खेपेला मी आधी तिचा दंड मापला. पट्टी सरळ हिरव्यावर. जाणारच होती, एवढ्या मोठ्या पोरीच्या बाबतीत त्या रंगाला काही अर्थ नाही.

"किती आलं?"

सांगितलं.

"लिहा की मग. त्याचं लिहिता."

रजिस्टरात तिच्यासाठी रकाना नव्हता. समासात लिहिलं.