हातभर फीत

वस्तू जपून वापरावी, हा उपदेश विद्यार्थ्यांच्या कानी इतक्या वेळा पडतो की, त्याचे महत्त्व त्यांस वाटेनासे होते. लहानपणी आमचीही स्थिती याहून निराळी नव्हती. उपदेशाने जे साधले नाही, ते एका व्हिडिओ कॅसेट प्लेयरने आम्हांस शिकविले. त्या शिकवणीची जी किंमत आम्हांस द्यावी लागली, ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

आजच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी हे यंत्र पाहिलेही नसेल. दूरचित्रवाणी संचाजवळ ठेवावयाची ती एक चपटी पेटी असे. तिच्यात पुस्तकाएवढी कॅसेट सारली म्हणजे आतील अर्धा इंच रुंदीची फीत यंत्र आपण होऊन बाहेर ओढी, एका चकचकीत ड्रमाभोवती वेढी, आणि पडद्यावर चित्र उमटे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी आपल्या देशात रंगीत दूरचित्रवाणी आली; त्यानंतर ही यंत्रेही गावोगाव पसरली. अमरावतीस ती एका रात्रीपुरती भाड्याने मिळत, आणि लागोपाठ तीन चित्रपट पाहून तांबारलेल्या डोळ्यांनी आम्ही सकाळी ती परत करीत असू. १९९३ साली वडिलांनी एक जुना प्लेयर विकत घेतला, तेव्हा आमच्या घराचा मान एकदम वाढला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात अकोल्यास आजोबांच्या घरी ताईचे लग्न झाले. त्या समारंभाचे चित्रण एका कॅसेटवर करण्यात आले होते. पाळकसाहेबांचा उपदेश संपल्यावर आजोबा उभे राहिले व त्यांनी वधूवरांस आशीर्वादाचे चार शब्द सांगितले. पुढील वर्षी आजोबा प्रभूकडे गेले. त्यांचा आवाज जीत साठविलेला होता, अशी ती एकच वस्तू आमच्या कुटुंबात उरली.

ती कॅसेट अकोल्यास पत्र्याच्या ट्रंकेत पडून होती. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ट्रंक भट्टीसारखी तापे आणि पावसाळ्यात आत ओल धरे. १९९५ च्या जुलैत आजोबांचे घर आवरले आणि कॅसेट अमरावतीस आली, तेव्हा तिच्या खिडकीतून फितीच्या कडेवरील पांढरी बुरशी स्पष्ट दिसत होती. घरी पाहुणे जमले होते. आई म्हणाली, “बाबा येईपर्यंत थांब.” आम्ही थांबलो नाही. बुरशीने चिकटलेली फीत रबरी रोलरभोवती गुंडाळली गेली, चित्र थिजले, आणि आम्ही दोन्ही हातांनी फीत ओढली. सुमारे हातभर फीत चुरगळून तुटली. तो तुकडा आम्ही भीतीपोटी मागच्या नालीत टाकला, आणि उरलेली दोन टोके साध्या चिकटपट्टीने जोडून दिली. पट्टीचा गोंद ड्रमास लागला व पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या.

वडील रागावले नाहीत. तुकडा कोठे आहे, एवढेच त्यांनी विचारले. आमचे उत्तर ऐकून ते भर पावसात नालीपर्यंत जाऊन आले व काही न बोलता बसून राहिले. ती शांतता आम्हांस कोणत्याही शिक्षेहून कठीण गेली.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मेकॅनिकने यंत्र उघडले. आम्ही मध्येच हात घालू लागताच ते म्हणाले, “काऊन घाई करून रायला, पोरा? हे मशीन जोर नाही मांगत, साफ हात मांगते.” त्या दिवशी त्यांनी जे दाखविले, ते आम्ही आजही विसरलो नाही. तो ड्रम मिनिटास १५०० फेरे घेतो, आणि त्यावरील हेड नखाच्या टोकाहूनही लहान व अतिशय ठिसूळ असतात. म्हणून प्रथम विजेची वायर काढावी. मऊ, तंतू न सुटणारे चामडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करून ड्रमास हलकेच टेकवावे, व दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवावा. चामडे वर-खाली कदापि घासू नये. तसे केल्यास हेड तुटतो. कापूस तर वापरूच नये, कारण त्याचे तंतू हेडच्या कडेत अडकतात. कापसाच्या मुलुखात कापूसच वर्ज्य, हे ऐकून आम्हांस मोठे नवल वाटले! कॅसेट नेहमी पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या जागी व लोहचुंबकापासून दूर ठेवावी. बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालूच नये. तिची बुरशी यंत्रास लागते व तेथून इतर कॅसेटींस लागते.

पुढे महाविद्यालयात असता आम्ही एक हिशेब केला. या यंत्रात फीत सेकंदास सुमारे २.३४ सेंटिमीटर सरकते. आमची हातभर फीत ४६ सेंटिमीटर धरली, तर वीस सेकंद झाले. आजोबांचा आशीर्वाद त्याच वीस सेकंदांत होता.

पालकमंडळींस आमची एक विनंती आहे. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या आपल्या देशातील पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एवढ्या प्रसिद्ध कृतीची ही गत, तर आपल्या घरच्या कॅसेटींची कथा काय? अशी यंत्रे करणाऱ्या जपानमधील फुनाई कंपनीनेही २०१६ साली त्यांचे उत्पादन थांबविले, आणि सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत. घरात जुनी कॅसेट असेल, तर ती आधी जाणत्या माणसास दाखवावी, स्वच्छ करवून घ्यावी, व तिच्यावरील चित्रण संगणकात उतरवून ठेवावे. मुलांनी हे काम एकट्याने करू नये.

काही वर्षांपूर्वी एक जुना प्लेयर मिळवून, त्या मेकॅनिकांनी शिकविल्याप्रमाणे साफ करून, आम्ही ताईच्या लग्नाचे चित्रण उतरवून घेतले. वडील शेजारी बसले होते. पडद्यावर आजोबा उभे राहतात, उजवा हात उचलतात, आणि लगेच खुर्चीवर बसलेले दिसतात. ते काय बोलले, हे घरात कोणासही नीट आठवत नाही. वडिलांनी तेवढा भाग पुन्हा लावावयास सांगितला. आम्ही तो तीन वेळा लावला.