लेबलाखालचं लेबल

ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरमध्ये मी बॅकअप सांभाळतो. आमची टेप लायब्ररी म्हणजे एक भलंमोठं बंद कपाट: आत टेपचे स्लॉट, टेप उचलून नेणारा रोबोट आणि टेप वाचणारे-लिहिणारे एलटीओ-८ पिढीचे ड्राइव्ह. रोबोट टेप ओळखतो ती कडेवरच्या बारकोडवरून. एकदा कार्ट्रिज स्लॉटमध्ये गेलं की माणसालाही तेवढीच कड दिसते.

पावसाळ्यातल्या एका रात्रपाळीत एक ड्राइव्ह ‘डाउन’ झाला. थोड्या वेळाने त्याच्या शेजारचाही गेला. व्हेंडरचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, “सर, ड्राइव्ह बदलूनच टाकू. पार्ट सकाळी येईल.” मला ते पटेना. धडधाकट चालणारे दोन ड्राइव्ह एकाच रात्रीत कसे जातील? लॉग चाळला, तर दर वेळी तीच टेप. ड्राइव्ह ती आत घेई, लगेच बाहेर काढी, रोबोट ती परत स्लॉटमध्ये ठेवी आणि सॉफ्टवेअर दोष ड्राइव्हच्या माथी मारी.

अशा वेळी दार उघडून मॅगझिन ओढण्याचा मोह होतो. रोबोट अर्ध्या वाटेत असला तर ग्रिपर वाकतो, टेप अडकते आणि सगळी लायब्ररी बसते. मी त्या टेपवरचे जॉब थांबवले आणि स्क्रीनवरून ती मेल स्लॉटमध्ये, म्हणजे टेप आत-बाहेर करायच्या खिडकीत, मागवली.

हातात घेतल्यावर उलगडा झाला. बारकोडच्या शेवटी ‘एल८’, म्हणजे एलटीओ-८, पण कवचावर छापलेलं एलटीओ-६. ही पिढी 2012 ची, अडीच टेराबाइटची. 2017 मध्ये आलेला एलटीओ-८ ड्राइव्ह फक्त एकच पिढी मागची टेप घेतो. रोबोट लेबलाला फसला, ड्राइव्ह फसला नाही. कार्ट्रिजच्या आत एक चिप असते, तिच्यावरून तो पिढी ओळखतो. तो बिघडलेला नव्हता, त्याचं काम चोख करत होता.

लेबल जरा जाड लागलं म्हणून नखाने त्याची कड उचलली. खाली दुसरं लेबल, जुन्या नंबरचं. तो नंबर कॅटलॉगमध्ये टाकला आणि पोटात गोळा आला. एका ग्राहक कंपनीच्या हिशेबाचा बॅकअप होता तो. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात. ती मुदत अजून संपलेली नव्हती. कुणीतरी टेप रिकामी समजून वर नवं लेबल चिकटवलं होतं.

हीच टेप एलटीओ-७ असती, तर ड्राइव्हने ती बिनतक्रार घेतली असती, तिच्यावर लिहिलंही असतं. टेपवरचं नाव आणि बारकोड जुळत नाहीत हे सॉफ्टवेअर पकडतं खरं, पण सेटिंगमध्ये ‘ओव्हरराइट’ला मोकळीक देऊन ठेवली असेल तर तेही गप्प बसतं. आमच्याकडे ती मोकळीक होती. दुसऱ्याच दिवशी ती काढून घेतली.

कार्ट्रिजची राइट-प्रोटेक्टची कळ सरकवली, वरचं लेबल काढून टाकलं, टेप तिच्या जुन्या नंबराने तिजोरीत पाठवली. लायब्ररीची इन्व्हेंटरी पुन्हा घेतली, दोन्ही ड्राइव्ह ‘अप’ केले. ते आजही चालू आहेत, पार्ट मागवावा लागला नाही.

टेप हाताळणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो: जुन्या लेबलावर नवं लेबल कधीही चिकटवू नका. आधी जुना नंबर कॅटलॉगमध्ये शोधा, मगच टेपला हात लावा.