बोलणं व्यवस्थित

डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या डिस्चार्जच्या कागदावर पुष्कळदा ‘बोलणं व्यवस्थित’ असा शेरा असतो. तो खोटा नसतो. चित्रातलं कुलूप, कंगवा तो बिनचूक ओळखतो, लांब वाक्य ऐकून पुन्हा म्हणतो. वाचाघाताच्या चाचण्यांत त्याला चांगले गुण पडतात. तरी काही महिन्यांनी घरचे त्याला घेऊन येतात. ‘बोलतात हो, पण हे मूळचे असे नव्हते.’

मी बंगळूरला स्पीच थेरपिस्ट आहे. होसूर रोडवरच्या निम्हान्स रुग्णालयात बेळगाव, निपाणीकडची मराठी कुटुंबंही येतात. त्यांतली काही पुढे माझ्याकडे. बरेचसे दुचाकीवरून पडलेले. अशा अपघातात मेंदूचा पुढचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर आपटतो, घासतो. शब्द आणि व्याकरण पुष्कळदा शाबूत राहतं. कुणापुढे काय बोलावं, किती बोलावं, कुठं थांबावं, हे भान मात्र जातं.

ते मोजायची साधनं आहेत. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातून 2000 साली आलेली प्रश्नावली मला आवडते. प्रश्न 30, तेच रुग्णाला, तेच त्याच्या जवळच्या माणसाला. तेच तेच सांगितलं जातं का? महत्त्वाचा तपशील गळतो का? त्यामागे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांचा विचार आहे: समोरचा हवं तेवढं, खरं, विषयाला धरून आणि स्पष्ट बोलेल असं आपण गृहीत धरतो. रुग्ण लिहितो ‘क्वचित’, बायको लिहिते ‘नेहमी’. मी आधी बघते ती ही तफावत. (सासूबाई शेजारी असल्या की बायकोची सगळी उत्तरं ‘क्वचित’वर येतात. त्यांना मी चहाला पाठवते.)

सिडनीच्या स्काय मॅकडॉनल्ड यांची चित्रफितींची चाचणीही नामी आहे. नट प्रसंग करून दाखवतात. बोलणारा मनापासून बोलला की टोमणा मारला, ते ओळखायचं. पण तिथलं इंग्रजी आणि तिथले हेल निपाणीच्या माणसाला काय कामाचे? मी सरळ विचारते: जेवायला दोन तास उशीर केलात, बायको म्हणाली, ‘लवकर आलात!’ म्हणजे काय? उत्तर येतं, ‘लवकर आलो म्हणाली की.’

माझी खरी परीक्षा त्या 30 प्रश्नांत नाही. सीमाभागातला माणूस माझ्याशी मराठी बोलतो, वॉर्डातल्या अक्कांशी कन्नड, शेजारच्या खाटेवरच्या बिहारी पोराशी हिंदी. हे त्याला शिकवावं लागलेलं नसतं. म्हणून मी गप्पांच्या मध्येच कन्नड सहकारी बोलावते. ती विचारते, ‘ऊट आय्ता?’ म्हणजे जेवण झालं का? एवढ्या प्रश्नाला मान डोलावली तरी पुरतं. तो सकाळच्या उपम्यापासून सगळं सांगायला लागतो, तेही मराठीत. तिचा कोरा चेहरा त्याला दिसत नाही. कन्नड विसरलाय म्हणावं, तर सांगितल्यावर अस्खलित बोलतो. समोर कोण आहे, याची दखल घ्यायची राहून गेलेली असते.

इथं घाई करू नये. काही माणसं जन्माचीच फटकळ असतात. तंबाखूच्या पेठेतल्या हमालाची आणि बँकेतल्या कारकुनाची बोलायची रीत एक नसते. दोघांना एका पट्टीने मोजलं तर हमाल फुकट आजारी ठरेल. त्यामुळे जमलं तर जुन्या मित्राला फोन लावते. घरच्यांना पूर्वीचा माणूस फार गोड आठवतो, मित्राला जरा खरा.

शेवटी अहवाल. अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाला अपंगत्वाचा टक्का हवा असतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे; पण व्याख्येत उदाहरणं स्वरयंत्र काढल्याची आणि वाचाघाताची. गिऱ्हाइकाला ‘माल शिळा आहे, घेऊ नका’ असं मालकादेखत सांगून नोकरी घालवलेला माणूस त्यात कुठं बसवायचा? तो तर घडाघडा बोलतो.

मी अहवालात विशेषणं टाळते. ‘दहा मिनिटांच्या गप्पांत समोरच्याला एकही प्रश्न विचारला नाही. कन्नड प्रश्नाला तीनदा मराठीत उत्तर. घड्याळाकडे बघितलं, कागद आवरले, तरी बोलणं चालू.’ वकील विचारतात, ‘मॅडम, आकडा?’ मी प्रश्नावलीच्या दोन बेरजा शेजारी शेजारी लिहून देते, त्याची आणि बायकोची. एकच द्या म्हणाले, तरी दोन्ही देते.