पहिली रांग भुतांची

सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवर क्वान यिम देवीचं चिनी मंदिर आहे आणि त्याच्या शेजारीच आपल्या श्रीकृष्णाचं. देवीपुढे गुडघे टेकायचे, नळीतल्या काड्या खुळखुळवून कौल लावायचा आणि बाहेर पडल्यावर जाता जाता कृष्णालाही उदबत्त्या दाखवायच्या, हा तिथल्या चिनी आजीबाईंचा रिवाज. कृष्णमंदिराच्या दारात चिनी पद्धतीचं उदबत्तीचं भांडं त्यांच्यासाठी ठेवलेलंच आहे. तऱ्हा त्यांची, देव आपला! मी चपला काढायचं विसरून बघत राहिलो.

पुढे या शहराने असे धक्के देण्याचा सपाटाच लावला. चायनाटाउनात, ऐन चिनी दुकानांच्या गराड्यात १८२७ सालचं मरिअम्मन देऊळ, आणि त्याच रस्त्यावर हाकेच्या अंतरावर मशीद. दिवाळीच्या आधी या देवळात द्रौपदीच्या नावाने माणसं धगधगत्या निखाऱ्यांवरून चालतात. महाभारत पाठ असल्याचा माझा तोरा तिथेच उतरला. तमिळांच्या थैपुसम सणाला खांद्यावर कावडी आणि गालातून आरपार सळई घेतलेले मुरुगनभक्त सेरंगून रोडवरून टँक रोडच्या देवळापर्यंत चालत जातात. या सणाची सरकारी सुट्टी १९६८ सालीच गेली. भक्त रजा टाकून येतात.

चिनी नववर्षाची गोष्ट आणखी न्यारी. फटाक्यांनी जीव जाऊ लागले, तेव्हा १९७२ मध्ये सरकारने फटाकेच बंद केले. लोक हिरमुसले, म्हणून पुढच्याच वर्षी ‘चिंगे’ नावाची मिरवणूक काढली. मूळची चिनी, पण काही वर्षांतच तिच्यात मलय आणि भारतीय पथकंही नाचू लागली.

पण खरा चाट पडलो तो चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात. आपला पितृपक्षच म्हणा ना. फक्त इथे ज्यांना कोणी वाली नाही, अशी उपाशी भुतंही जेवायला येतात. इमारतींखाली संत्री, भात, उदबत्त्या मांडलेल्या. लोखंडी पिंपात कागदी नोटांची चळत पेटते, सोबत कागदी मोबाइल आणि कागदी मोटारीही. राख बाहेर उडू नये म्हणून पिंप!

संध्याकाळी मोकळ्या मैदानात ‘गेताई’चा, म्हणजे गाण्यांच्या जलशाचा मंच उभा राहतो. झगमगत्या टिकल्यांचे कपडे घातलेली गायिका होक्कियन या चिनी बोलीतली गाणी म्हणत असते, ढोलकांचा दणदणाट, खुर्च्या खचाखच. पहिली रांग मात्र अख्खी रिकामी. मी टुणकन तिकडे निघालो, तर एका काकांनी बाही धरून मागे ओढलं. ती रांग भुतांची! आपल्याकडेही पहिली रांग न येणाऱ्या पाहुण्यांसाठीच राखलेली असते, पण निदान त्यांची नावं निमंत्रणपत्रिकेत छापलेली असतात.

दुसऱ्या रांगेत बसून मी हिशेब मांडला. वर्षाला सार्वजनिक सुट्ट्या ११. त्यांत बुद्ध, येशू, अल्ला आणि दिवाळी सगळे बसवलेले. एवढ्याशा बेटावर एवढे देव नांदायचे, तर प्रत्येकाने थोडं अंग चोरायलाच हवं. कावडीला आखलेला रस्ता, नोटांना पिंप. गेताईलाही रात्री साडेदहाची मर्यादा. मग भुतं असोत की भक्त, सगळ्यांनी मुकाट्याने घरची वाट धरायची.