तकदीर कुणाची, तदबीर कुणाची?

दहावीच्या वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारतेच, "बाई, सगळं आधीच लिहिलेलं आहे, तर अभ्यास कशाला करायचा?" वर्ग हसतो. मी मात्र प्रश्न हसण्यावारी नेत नाही, कारण याच प्रश्नावरून आपल्या इतिहासात पंथ उभे राहिले. माणसाच्या हातात काहीच नाही, असे जबरिया म्हणत. आपल्या कृतीचा कर्ता माणूसच, असे कदरिया म्हणत. पुढे इमाम अश्अरी यांनी मधली वाट काढली : कृती निर्माण करतो अल्लाह, ती कमावतो माणूस. खरे सांगायचे तर ही वाट मला अजून पुरती उमगलेली नाही आणि पंधरा वर्षांच्या मुलांना तर ती सांगताच येत नाही.

मी त्यांना हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग सांगते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत तो आहे. हिजरी 18 च्या सुमारास ते शामकडे निघाले होते. सरग या ठिकाणी सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) सामोरे आले आणि शाममध्ये प्लेग पसरल्याची खबर मिळाली. हजरत उमर (रजि.) यांनी आधी मुहाजिरांना विचारले, मग अन्सारांना. दोन्हीकडे मतभेद. मग कुरैशमधल्या वडीलधाऱ्यांना बोलावले. त्यांनी एकमुखाने परत फिरण्याचा सल्ला दिला. तसे ठरल्यावर अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की आपण अल्लाहच्या तकदिरीपासून पळता आहात का? खलिफांचे उत्तर असे होते की होय, अल्लाहच्या एका तकदिरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदिरीकडे. दरीची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड. उंट कुठेही चारला तरी तकदिरीतच चरणार.

एवढ्यात हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. त्यांनी प्रेषित (स.) यांचा आदेश सांगितला : जिथे प्लेग आहे तिथे जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे तो आला तर पळून बाहेर पडू नका. हजरत उमर (रजि.) मागे फिरले. अबू उबैदा (रजि.) आपल्या माणसांत परतले आणि त्याच साथीत अल्लाहला प्यारे झाले. दोघांपैकी एकाचाही ईमान कमी होता, असे कुणी म्हणेल का?

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तकदिरीचे नाव घेऊन तिथे कुणी विचारविनिमय बंद पाडला नाही.

आपल्या घरांत नेमके उलटे चालते. ताप आला की डॉक्टर गाठतो, दुकान टाकायचे तर दहा ठिकाणी जागा बघतो, तिथे तदबीर. मुलीचे शिक्षण थांबवताना, सासरी मार खाणाऱ्या लेकीला परत पाठवताना मात्र 'नसीब'. म्हणजे स्वतःसाठी तदबीर आणि तकदीर दुसऱ्याच्या वाट्याला! घडून गेलेल्या दुःखासाठी हा शब्द अमृतासारखा आहे. माझे अब्बा गेले तेव्हा अम्मीला त्यानेच सावरले. पण अजून घडायचे आहे, ते आपणच घडवत असताना, तो तोंडी कसा आणायचा?

गेल्या जूनमध्ये एक आई मुलीचा दाखला काढायला आली. मुलीला 81 टक्के होते.

"तिच्या नशिबात एवढंच शिक्षण होतं, बाई."

"आपा, थोरल्याच्या रिक्षासाठी कर्ज काढलंत, तेव्हा नशिबावर सोडलं नव्हतं ना?"

"त्याचं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

ती बराच वेळ ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "हिच्या अब्बांना कोण सांगणार?"

मी म्हटले, "मी येते संध्याकाळी, असरनंतर." अकरावीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख कागदावर लिहून दिली. दाखलाही दिला, तो कॉलेजातही लागतोच.